कौमुदीचे दोन वाढदिवस

जर्मनीत एर्लांगेनला शुभाच्या घरी मुलीचे वर्षात दोन वाढदिवस व्हायचे. फेब्रुवारीत केक आणि कोजागिरीला पाटावर बसवून औक्षण, वर मसाला दूध. एक तारखेचा, दुसरा तिथीचा, असं शुभाने लेकीला सांगून ठेवलं होतं. कौमुदी इथेच जन्मलेली. मराठी समजायची, पण उत्तरं जर्मनमध्ये द्यायची. तिथी आणि तारखेत आठ महिन्यांचं अंतर पडत नाही, हे तिला कोण सांगणार? मी, शुभाची जुनी मैत्रीण, सांगू शकले असते. पण अठरा वर्षं मी ते दूध पीत गप्प बसले.

कोजागिरीची खरी कौमुदी वेगळीच होती. शुभाची थोरली, पुण्यात ऐन पौर्णिमेला जन्मली म्हणून हे नाव. अकरा महिन्यांची होऊन तापाने गेली. मग शुभाचा नवरा प्रताप इथल्या कंपनीत लागला आणि दुसरी मुलगी झाली. बारशाला शुभाने तेच नाव काढलं. पुण्याहून आलेल्या आत्याने गेलेल्या लेकराचं नाव जिवंत बाळाच्या कानात सांगायला साफ नकार दिला. शेवटी शुभानेच पाळण्यात वाकून सांगितलं. घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन मी शेजारीच उभी होते. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

भिंतीवरचा बाळाचा फोटोही थोरलीचाच. धाकटी हट्टी, खळखळून हसणारी. तिने आवाज चढवला की शुभा फोटोकडे बोट दाखवून म्हणायची, किती शांत होतीस तू. हा दुष्टपणा आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही.

२०१६च्या उन्हाळ्यात कौमुदीची शाळा संपली. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ मोनिए नावाच्या बाई आपल्या पूर्वजांचा शोध घेत होत्या. तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधून पळून आलेली ही माणसं. त्यांच्या वस्तीला गावात फ्रेंच कॉलनीच म्हणत. कौमुदीला फ्रेंच येत होतं, म्हणून चर्चच्या जुन्या नोंदी ती वाचून द्यायची. एकदा जेवताना तिने आम्हाला सांगितलं की त्या घराण्यात एकापाठोपाठ तीन सुझान सापडल्या. मूल गेलं की पुढच्याला तेच नाव, अशी रीत होती. तिसरी जगली. मग तिने जर्मनमध्ये विचारलं, त्या आईला नक्की कोण हवं होतं, तिसरी की पहिली?

शुभाचा झारा तेलातच राहिला. पुरी करपली. कौमुदीने ते पाहिलं.

जन्ममृत्यूच्या तारखा जुळवायची सवय लागलेली पोर ती. पंधरा दिवसांनी बसस्टॉपवर तिने मला गाठलं.

"मावशी, तिथी आठ महिने सरकते?"

"नाही," मी म्हटलं. आणि मग सगळंच सांगितलं, फोटोसुद्धा. तिच्या भल्यासाठी सांगितलं, असं म्हणणार नाही. मला ते पोटात ठेवणं असह्य झालं होतं, म्हणून तिच्या पदरात टाकून मी मोकळी झाले.

त्या कोजागिरीला ती नेहमीसारखी पाटावर बसली. ओवाळून घेतलं. वर्षभरात तिचं जर्मन नागरिकत्व आलं. त्या वेळी नावही बदलून घेता येतं. पुढच्या कोजागिरीला औक्षण झाल्यावर तिने एक पाकीट तबकात ठेवलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आई, तुझी कौमुदी तुला परत. माझं नाव आत आहे."

दुसऱ्या दिवशी ती बॉनला शिकायला गेली.

शुभा अजून कोजागिरीला पाट मांडते, त्यावर फोटो ठेवते आणि ओवाळते. पाकीट देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. पोरगी दर रविवारी मला फोन करते. हवापाण्याचं बोलून झालं की विचारते, आईने उघडलं का?

मी नाही म्हणते.