पणमामांचा खुलासा

पणमामांचं खरं नाव त्यांच्या वाचकांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं. दर शुक्रवारी सकाळी दहा वाजता ते आपल्या वेबसाइटवर कॉम्प्युटरच्या एखाद्या भागाबद्दल नाहीतर एखाद्या व्हिडिओ गेमबद्दल मत लिहायचे. पहिल्या दोन परिच्छेदांत त्या वस्तूचं जे काही बरं असेल ते उरकून टाकायचे, आणि तिसरा परिच्छेद न चुकता 'पण'ने सुरू व्हायचा. वाचकही तयारीचे. ते थेट तिसऱ्या परिच्छेदावर उडी मारायचे. तिथूनच हे नाव पडलं. पुढे मामीही चेष्टेने तीच हाक मारायला लागल्या.

पणमामांच्या मते कॉम्प्युटरमधल्या पंख्याला रंगीत दिवे लावणारी कंपनी पंख्याचा आवाज लपवत असते. खोक्यावर चिलखत घातलेला योद्धा छापला असेल तर आतल्या वस्तूबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. जुन्याच चिपला नवा आकडा देऊन 'पुढची पिढी' म्हणून विकणाऱ्यांवर तर त्यांचा दातच होता. "पिढी म्हणे! अरे, माणूस तोच, फक्त शर्ट बदललाय." गेमचंही तसंच. चाळीस तास खेळल्याशिवाय ते एक अक्षर लिहायचे नाहीत, आणि त्या चाळीस तासांत गेम आपल्याला कुठे कुठे खिशात हात घालायला लावतो तेच टिपत बसायचे. "विकत घेतला, आत गेलो, तर आत आणखी एक दुकान! म्हणजे मी तिकीट काढून दुकानात शिरलो की काय?" पहिल्याच दिवशी गेम विकत घेऊन त्यातल्या चुका शोधून देणाऱ्यांना ते 'बिनपगारी तपासनीस' म्हणायचे.

हा संशय काही त्यांच्या अंगात जन्मापासून नव्हता. बावीस वर्षं त्यांनी टीव्ही दुरुस्तीच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये काढली होती. तिथे पहिल्याच आठवड्यात त्यांना एक वाक्य शिकवलं गेलं, "बोर्ड गेला." आत नखाएवढा एखादा भाग फुगलेला असायचा, दहा मिनिटांचं काम. तरी गिऱ्हाइकाला सांगायचं, बोर्ड गेला, अख्खा बदलावा लागेल. मामांनी ते वाक्य कितीतरी बैठकीच्या खोल्यांत, पुढ्यात ठेवलेलं सरबत पीत पीत, चेहरा पाडून म्हटलं होतं. खोटं बोलताना माणूस वस्तूकडे बघतो, समोरच्याकडे बघत नाही, हे त्यांना स्वतःवरूनच कळलं होतं. नोकरी सुटली आणि त्यांनी ही वेबसाइट काढली. तिच्यावर आजवर एकही खोटा शब्द लिहिला नाही, एवढीच त्यांची कमाई, असं ते म्हणायचे.

घर म्हणजे सायकलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर काळी रबरी चटई, कथील वितळवून टाके द्यायची सोल्डरिंगची बंदूक, दिवा लावलेलं भिंग. कपाटावर थेट छतापर्यंत रिकामी खोकी. तपासणीचा नियम एकच, कंपनीने पाठवलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. दुकानात जायचं आणि ढिगातलं खालून दुसरं खोकं मागायचं. "वरचं दाखवायला ठेवलेलं असतं, सगळ्यात खालचं दबलेलं असतं. खालून दुसरं कुणाच्या डोक्यातच नसतं." मामा दारात दिसले की दुकानदार कपाळाला हात लावायचे. नाहीतर वाचक आपली वस्तू तपासायला आणून देत. शाळेत गणित शिकवणारे एक सर तर त्यांचे पहिल्या दिवसापासूनचे वाचक. मामांना विचारल्याशिवाय ते साधा माउससुद्धा घेत नसत. त्यांचं मधूनच अडकणारं ग्राफिक्स कार्ड त्या वेळी मामांच्याच टेबलावर होतं.

तो नियम मोडला भाचीने.

भाची म्हणजे त्यांच्या बहिणीची मुलगी. बारा वर्षांची असताना ती याच टेबलावर सोल्डरिंग शिकली होती. आता ती पॉवर सप्लाय बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत तपासणी विभागात होती. पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला सोसेल अशी करून देणारा लोखंडी डबा. तिला कायम करायचं की नाही ते तीन आठवड्यांत ठरणार होतं. अशात तिच्या साहेबांना कळलं की पणमामा हिचे सख्खे मामा. मंगळवारी ती एक खोकं घेऊन आली.

"नियम म्हणजे नियम," मामा म्हणाले.

"सीलबंद आहे, मामा. वाईट निघालं तर वाईट लिही. मी कुठे काय म्हणतेय?"

"निवडून दिलेलं असणार."

"तुला तर पावसाचं पाणीही कुणीतरी निवडून पाठवलंय असं वाटतं!"

आतून मामींचा आवाज आला. "भाचीच्या हातचा चहा चालतो, भाचीच्या हातचं खोकं चालत नाही होय?"

मामांनी खोकं ठेवून घेतलं. दीड दिवस त्या डब्यावर झेपेल तेवढा विजेचा भार टाकून तो चालवला. डबा ना तापला, ना कुरकुरला. मामांना ते आवडलं नाही. गुरुवारी दुपारी त्यांनी तो उघडायला घेतला आणि भिंगाखाली पहिलाच स्क्रू पाहून जागच्या जागी थांबले. मशीनने बसवलेल्या स्क्रूचा माथा कोरा असतो. याच्या माथ्यावर स्क्रूड्रायव्हर घसरल्याची बारीक रेघ होती. आत पाहिलं तर सोल्डरचे सगळे टाके मशीनचे, निस्तेज, एकासारखे एक. त्यांत एकच टाका चकचकीत, गोल, आणि त्याच्या भोवतीचा काळपटपणा ब्रशने पुसून काढलेला.

मामांना वाचायला आणखी काही नको होतं. शुक्रवारी दहाच्या ठोक्याला लेख चढला. कंपनीने डबा उघडून, त्यातला दोष हाताने दुरुस्त करून, पुन्हा सील लावून तो आपल्याकडे पाठवला, असं त्यांनी सरळ लिहिलं. खोकं भाचीमार्फत आलं, तेही लिहिलं. 'बिचारीला कल्पनाही नसेल, तिचा नुसता हमाल केला,' असंही लिहिलं. आणि वर एक वाक्य, 'दुरुस्ती मात्र ज्याने केली त्याचा हात चांगला आहे.' वाचक खूश. असा 'पण' खूप दिवसांत आला नव्हता.

शनिवारी दुपारी भाची आली. चप्पल न काढताच टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"पॅकिंगच्या दोघीजणींना कामावरून थांबवलंय," ती म्हणाली. "साहेब म्हणतात, पॅक झालेला माल कुणी उघडला ते कळेपर्यंत त्यांनी यायचं नाही. उघडणाऱ्याला तर थेट घरी."

"बघ! स्वतःच करायचं आणि गरिबांवर ढकलायचं. मी म्हणत नव्हतो?"

"मामा, मी उघडला."

मामा तिच्याकडे बघत राहिले.

"सोमवारी. घरी. तूच शिकवलंस ना, दुसऱ्याच्या हाती द्यायच्या आधी एकदा उघडून बघावं? एक टाका कच्चा दिसला. म्हटलं, तू एका टाक्यावर वीस ओळी लिहिशील. म्हणून पक्का केला, पुसला, सील परत चिकटवलं. 'हात चांगला आहे' असं लिहिलंयस ना, तो माझाच हात."

आता कुठल्याही मामाने भाचीला जवळ घेतलं असतं, नाहीतर दोन शब्द सुनावले असते. पणमामांच्या मनात भलतंच आलं. हिला शिकवून पाठवलं नसेल कशावरून? कंपनी अडकली, म्हणून घरचंच माणूस पुढे केलं नसेल? हा विचार आपल्याला शोभत नाही हे त्यांना कळत होतं, तरी तो जाईना. त्यांनी खणातून एक भंगार बोर्ड काढला आणि सोल्डरिंगची बंदूक तिच्यापुढे सरकवली.

"एक टाका दे."

"माझीही तपासणी?"

भाचीचे डोळे भरून आले, तरी तिने बंदूक उचलली. तिने टाका दिला, फुंकर मारली, ब्रश घेऊन दोनदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे पुसला. मामांनी बोर्ड भिंगाखाली धरला. शेजारी तो डबा उघडाच होता. दोन्ही टाके जुळ्या भावंडांसारखे दिसत होते.

"पटलं?" तिने विचारलं.

"पटलं," मामा म्हणाले. मग हळूच, "चुकलो गं."

"मी सोमवारी साहेबांना खरं सांगून टाकते. त्या दोघींच्या पोटावर पाय नको."

"आणि तुझी नोकरी?"

वर्षभर घासलेली नोकरी होती, घरात दुसरी कमाई नव्हती, हे मामांना सांगायची गरज नव्हती.

मामी इतका वेळ दारात उभ्या होत्या. "तुम्हीच का नाही सांगत, की डबा तुम्ही उघडलात आणि टाकाही तुम्हीच दिलात?"

"मी? माझ्या वेबसाइटवर खोटं लिहू?"

"बावीस वर्षं कंपनीसाठी बोर्ड गेला, बोर्ड गेला करत हिंडलात, तेव्हा जीभ अडखळली नाही. आता आपल्या पोरीसाठी एकदा अडखळतेय होय?"

हे वाक्य मामांना फार लागलं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली सायकलवाला एका चाकात हवा भरत होता. मग ते वळले. "तिच्यासाठी खोटं बोलेन. कंपनीसाठी नाही. बाकीच्या डब्यांतही कच्चे टाके असतील तर मी आत्ता कबूल केलंय ते विसरा."

रविवारी मामा आणि भाची तीन दुकानांत गेले. तिन्हीकडे मामांनी खालून दुसरं खोकं मागितलं. एका दुकानदाराने अख्खा ढीग उतरवताना विचारलं, "मामा, लग्नाला मुलगी बघताय का?" घरी आणून तिन्ही डबे त्यांनी खोलले. एकेक टाका भिंगाखालून घातला, मग भार टाकून संध्याकाळपर्यंत चालवले. काही निघालं नाही. एकदा बघून झाल्यावर मामांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हाही काही निघालं नाही. भाचीच्या डब्यातला टाका हजारात एखादा कच्चा राहतो तसा राहिलेला, इतकंच. मामांचा चेहरा पाहून मामी म्हणाल्या, "माल चांगला निघाला म्हणून सुतक पाळणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

सोमवारी दहा वाजता खुलासा चढला. आजवरच्या त्यांच्या लिखाणातला तो सगळ्यात छोटा. 'मागच्या शुक्रवारचा लेख चुकीचा होता. स्क्रूवरची रेघ माझ्या स्क्रूड्रायव्हरची. तो टाकाही माझाच. तपासताना मीच दिला आणि लिहिताना विसरलो. कंपनीतल्या कुणाचाही दोष नाही. बाजारातून घेतलेले तीन डबे तपासले, तिन्ही निर्दोष आहेत.' त्यात कुठेही 'पण' नव्हता.

वाचकांच्या नेमकं तेच डोळ्यांत खुपलं. दुपारपर्यंत खाली प्रतिक्रियांची रांग लागली. 'विसरलात? एका स्क्रूवर दोन पानं लिहिणारा माणूस विसरला?' 'मामा, किती मिळाले?' 'भाची कंपनीत, मामा खिशात!' एकाने तर जुन्या लेखांतली मामांचीच वाक्यं काढून लावली होती, कंपन्या टीकाकाराला कशा गप्प करतात त्याबद्दलची.

भाचीने संध्याकाळी फोन केला. "मामा, त्या दोघी उद्यापासून येताहेत. पण मला हे वाचवत नाही. खालच्या प्रतिक्रिया काढून टाक ना. नाहीतर मी खरं लिहिते."

"तू लिहिलंस तर ते म्हणतील, मामाने भाचीला पढवलं. मीही तेच म्हटलं असतं. राहू दे. त्यांचं काय चुकलंय? मी त्यांच्या जागी असतो तर आणखी चार प्रश्न विचारले असते."

महिनाअखेरीला भाचीच्या हातात कायम झाल्याचं पत्र पडलं. पत्र दाखवायला ती आली तेव्हा मामांनी ते दोनदा वाचलं आणि खालची सही खरी आहे ना म्हणून उजेडात धरलं. मामी कपाळाला हात लावून हसल्या, भाचीही हसली.

त्याच संध्याकाळी गणिताचे सर आले. नेहमी ते आले की खुर्ची ओढून बसायचे आणि नव्या गेमबद्दल तास तास वाद घालायचे. आज दारातच उभे राहिले.

"मामा, ते माझं ग्राफिक्स कार्ड... घेऊन जातो."

"अजून तपासून झालं नाही, सर. चार दिवस द्या. पंख्यातच काहीतरी आहे असं वाटतंय."

"नाही, तसं काही नाही हो. घरी लागतंय, म्हणून," सर टेबलावरच्या चटईकडे बघत म्हणाले.

मामांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. कार्ड नीट पिशवीत घातलं, पिशवी खोक्यात ठेवली आणि खोकं त्यांच्या हातात दिलं. सर आभार मानून निघाले. जिन्याच्या वळणावर खिडकी होती, तिथे ते थांबले. मामा दार लावायला आले तेव्हा त्यांना दिसलं. सरांनी खोकं उघडून कार्ड बाहेर काढलं होतं आणि त्याच्यावरचा नंबर ते मोबाइलमध्ये लिहून ठेवलेल्या नंबराशी एकेक आकडा करून पडताळून बघत होते. वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना नंबर टिपून ठेवा, हे मामांनीच कधीतरी लिहिलं होतं.

सरांनी मान वर केली. मामा दारात उभे. सरांचे कान लाल झाले.

"सर, नुसता वरचा नंबर बघून चालत नाही," मामा म्हणाले. "स्टिकर बदलता येतो. पंख्याखाली बोर्डवर दुसरा नंबर छापलेला असतो, तोही जुळवून घ्या. थांबा, तिथे अंधार आहे. मी दिवा लावतो."