डाव्या पंखाची खोड

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेला, बर्फात. काम हेलिकॉप्टर दुरुस्तीचं. आमच्या युनिटचा एक रिवाज होता. ज्याने दुरुस्ती केली, त्याने चाचणीच्या उड्डाणात पायलटशेजारी बसायचं आणि वरून रेडिओवर स्वतः रिपोर्ट द्यायचा. हवालदार दत्तू पिंगळे, नांदगावचा गडी, नेहमी एकच रिपोर्ट द्यायचा, "पिंगळे बसलाय. मशीन ओके." सुट्टीत घरची खाट ठोकून नीट केली तरी तिच्यावर बसून हेच म्हणायचा.

आता मी रिटायर्ड सुभेदार, मुक्काम नाशिक. आमच्या युनिटचे एक पायलट, मेजर बर्वेही इथेच असतात. रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, मेजर घरगुती विमान बांधायला बसले. दोन सीटचं, नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड. निफाडच्या बाजूला एका खासगी धावपट्टीशेजारी द्राक्षांच्या पॅकिंगची रिकामी शेड मिळाली. मी एक दिवस मदतीला गेलो आणि तिथलाच झालो.

पंखाचं कापड आतल्या फासळ्यांना दोऱ्याने गाठी मारून शिवतात. ते काम सुमनवहिनींनी केलं. त्या पिंगळेच्या पत्नी, नांदगावात शिलाईचं दुकान चालवतात. शेवटची गाठ मारून त्यांनी सुई खोचली आणि म्हणाल्या, "पंख म्या शिवलेत. तुमच्या रिवाजानं ती सीट माझी हाय."

पिंगळे त्या रिवाजातच गेला होता. दुरुस्ती चोख होती. वरून रिपोर्ट आला, तोच, त्याच शब्दांत. त्या दिवशी पायलट दुसरे होते, खाली रेडिओवर मी होतो. मी "रॉजर" म्हणालो, म्हणजे रिपोर्ट मिळाला. मग ढग खाली उतरले आणि मशीन परत आलं नाही.

"सीट तुमचीच, वहिनी," मेजर म्हणाले. "पण आधी मी एकटा. विमान शहाणं झाल्याशिवाय तुम्हाला बसवणार नाही."

विमान शहाणं नव्हतं. वेग कमी करत नाक वर धरून ठेवलं की एका क्षणी पंख भार उचलणं सोडतात. याला स्टॉल म्हणतात. अशा वेळी चांगलं विमान सरळ नाक खाली घालतं आणि वेग पकडतं. आमचं विमान डावा पंख खाली टाकून कलंडायचं. मेजर वर जाऊन नाक एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्यांवर धरायचे आणि स्टॉल करायचे. फौजेत सुभेदाराला अधिकारीही साहेब म्हणतात. खाली माझ्या रेडिओवर यायचं, "चिमण्या गेल्या, साहेब. समोर थेट कुणाचं तरी शेत."

आमची सवय फौजी. ज्याची चूक, त्याला रगडा. आठवडाभर आम्ही डाव्या पंखाच्या मागे लागलो. त्याचा पीळ मोजला, आधाराचा दांडा सैल केला, पुन्हा आवळला. पठ्ठ्या सुधारला नाही.

मग मेजरांनी लाकडाची बोटभर तिकोनी पट्टी तासली आणि उजव्या पंखाच्या पुढच्या कडेला, बुंध्याजवळ, टेपने चिकटवली. वहिनी बघत होत्या.

"पडतोय डावा, आन् शिक्षा उजव्याला?"

"डावा आधी सोडतो, वहिनी. उजवा धरून बसतो, म्हणून विमान कलंडतं. ही पट्टी उजव्याची हवा थोडी आधी मोडेल. दोघांनी एकदम सोडलं की झालं."

"म्हंजे त्याला बी थोडं बिघडवायचं."

"बरोबर."

"लय भारी न्याय हाय तुमचा."

पहिल्या उड्डाणात उजवा पंख पडला. मला हसू आवरेना. "सर, जरा जास्तच बिघडला." पट्टी कापून आखूड केली, पुन्हा टेप. पुन्हा वर. मग रेडिओवर आवाज आला, "नाक सरळ खाली. चिमण्या जागेवर." मी शेडसमोर एकटाच नाचलो. पट्टी पक्की चिकटवली, आणखी दिवसभर चाचण्या केल्या. पुढे दोघांना बसायची परवानगीही मिळाली.

त्या सकाळी वहिनींनी पदर खोचला, हेडफोन चढवला. बेल्ट मी बांधला. बकल तीनदा ओढून पाहिलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, गाठ म्या मारलीय. भिऊ नका."

विमान वर गेलं, लहान झालं. स्टॉलची जागा मला माहीत होती. नाक वर आलं, थांबलं आणि सरळ खाली गेलं. मग वेग पकडून विमान अलगद सपाट झालं. रेडिओ गप्प. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मग खरखर झाली.

"पिंगळे बसलीय. मशीन ओके."

मला "रॉजर" म्हणायचं होतं. पहिल्यांदा बटण दाबून नुसतंच सोडलं. दुसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा शब्द आला, "रॉजर, पिंगळे. आता खाली या."

त्या खाली आल्या. उतरून आधी पंखावरच्या गाठी चाचपल्या, मग माझ्याकडे बघून विचारलं, "रिपोर्ट बराबर दिला ना? ते असंच म्हनायचे."

"अगदी असंच," मी म्हणालो.

मेजरांनी टोपी काढली. हवालदार दत्तू पिंगळेला आम्ही शेडसमोर उभ्याने सॅल्यूट केला. मग वहिनींनी चहा मागितला.