मर्यादवेलीला मीठ

एसटी सुटायला दहा मिनिटं असताना मी किनाऱ्यावर पळालो आणि मर्यादवेलीचे दोन तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून आणले. आई खिडकीखाली उभी होती. म्हणाली, "झिला, मुंबयक न्हेवक हीच गावली? हिच्यावर लोक जाळी सुकत घालतत."

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत बागेआधी बागेचं उद्घाटन झालं. अध्यक्षांनी फीत कापून 'फुले तोडू नयेत' अशी पाटी रोवली. त्या दिवशी तिथे तोडण्यासारखी फुलं फक्त त्यांच्या गळ्यातल्या हारात होती.

माझी वेल खिडकीत, तेलाच्या डब्यात. वडील गेल्यावर आई गावी एकटी पडली. मी दर पत्रात बोलवायचो, आणि उत्तर ठरलेलं: "थंय आपला काय उगावता? मी येवन काय करू?" ऐंशीच्या दशकातल्या एका पावसाळ्यात मी शेवटी थाप मारली. लिहिलं, वेलीला जांभळी फुलं आली आहेत. तिने उलटटपाली कळवलं, दिवाळीनंतर आठ दिवस येते.

इकडे वेल पिवळी पडत चाललेली. तिला समुद्राची आठवण येत असणार, असं ठरवून मी रोज मूठभर खडेमीठ पाण्यात विरघळवून घालू लागलो. बायको, नलू, म्हणाली, "अहो, झाड जगवताय की लोणचं घालताय?"

आईने दारात पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "फुला खंय?" मी थाप कबूल केली. तिने डब्यातली माती बोटाने जिभेला लावली आणि माझ्याकडे पाहिलं.

"येलीक मीठ आवडता म्हणान कोणी सांगल्यान तुका? ती नुसता सोसता."

तिने मुळं धुतली, कुंपणाजवळ बिल्डरची रेती उरली होती तिच्यात वेल लावली आणि जाहीर केलं, "फूल बघल्याशिवाय मी जावचंय नाय." आठ दिवस संपले. गावचा शिमगाही पहिल्यांदाच तिच्याविना झाला. मग एका सकाळी बाहेरून हाक आली, "नलू, भायर ये गो!"

पाटीला वेढलेल्या वेलीवर एकच जांभळं फूल उमललं होतं. अध्यक्षही आले. "कुठून मागवलीत ही व्हरायटी?"

"आमच्या दर्यावरची," आई म्हणाली. "जाळी असत तर सुकत घाला."

फूल बघूनही ती गावी परतली नाही; तिची पिशवी अजून आमच्या कपाटावर आहे. गावचे लोक मला पत्रातून विचारतात, तुला समुद्राची आठवण येत नाही का? येते की. पण आता ती पाण्यात कालवून मी कुणाला पाजत नाही.