वसुबारसेची पोटफुगी

मुलुंडच्या आमच्या चाळीत मी ‘डॉक्टर’ होतो. कसला, ते आईने कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारणी खोकला घेऊन आल्या की ती आतून ओरडे, “तो मोठ्या केसेस बघतो!” खोटं नव्हतं. माझा सर्वांत मोठा पेशंट रेडा होता.

मी गुरांच्या फिरत्या दवाखान्यावर होतो. लढाईतून उरलेली जुनी मोटार, चालक मीच, डॉक्टरही मीच. बाजूला बैल रंगवलेला. रंगाऱ्याने त्याला माझंच भेदरलेलं तोंड दिलं होतं. बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत पांजरपोळ आणि गोशाळा फिरायच्या, जखमा धुवायच्या, जंताचं औषध पाजायचं. माझा भोंगा ऐकला की गुरं पलीकडच्या कुंपणाला जाऊन चिकटत, इतकी माझी कीर्ती. ही मोटार दारात आणायला आईची बंदी होती. मी ती लांब तबेल्याजवळ लावायचो आणि साबणाने हात धुऊन सभ्य माणसासारखा चालत घरी यायचो.

एका वसुबारसेला संध्याकाळी जवळच्या गोशाळेतून निरोप आला, गाय फुगलीय, लवकर या. वसुबारसेच्या पूजेला वासराची गाय लागते. गोशाळेत म्हाताऱ्या, भाकड गाई ढिगाने, वासरू असलेली ही एकटीच. सगळ्या बायकांनी आपापले उडदाचे वडे आणि भाकऱ्या तिलाच भरवल्या होत्या. पुण्य सगळ्यांचं, पोट तिचं एकटीचं. डावी कूस ढोलासारखी ताणली होती, धाप लागली होती. वासरू शेजारी हंबरत होतं.

आणि त्या बायकांत आमची अख्खी चाळ होती, आईसकट.

मी तिला ओळख दाखवली नाही. तिनेही नाही. एक शेजारीण मात्र म्हणाली, “अगंबाई, डॉक्टर, तुम्ही इथे कसे?”

“सहज,” मी म्हणालो. हातात बादली आणि खांद्यावर रबरी नळी घेऊन माणूस सहज कुठे जातो, ते मलाही ठाऊक नव्हतं.

तेल पाजून पाहिलं. गाय ढिम्म. आता उपाय एकच होता, कुशीत जाड पोकळ सुई खुपसून आतला वारा बाहेर काढायचा. सुई पेटीतून काढली मात्र, बायका गाईपुढे उभ्या राहिल्या.

“सणाच्या दिवशी गाईला भोसकताय? माणसांचे डॉक्टर तुम्ही, तुम्हाला गुरांतलं काय कळतं?”

मी तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं. गाईची जीभ बाहेर आली होती आणि मी आईची अब्रू सांभाळत उभा होतो. असा शूर.

“बाजूला व्हा गं,” आई पुढे आली. “माणसांचा नाही तो. गुरांचाच डॉक्टर आहे. तेवढंच येतं त्याला.”

बायका हटल्या. मी सुई मारली. आतला वारा फस्सकन सुटला तो थेट माझ्या तोंडावर, आंबलेल्या उडदाच्या वासासकट. हळूहळू कूस बसली, गाईने मोठा श्वास घेतला. वासरू तिच्या पोटाखाली घुसून लुचू लागलं. माझे डोळे भरून आले. वासामुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं.

मोटारीकडे निघालो तर आई मागून आली, नाकाला पदर लावून. पूजेचं ताट मांडीवर घेऊन ती माझ्या शेजारी बसली. तबेल्याजवळ मी नेहमीसारखी मोटार थांबवली.

“इथे कशाला थांबलास?” ती म्हणाली. “दारापर्यंत ने. आणि भोंगा वाजव.”