सोफामास्तरांची एकमेव वाचक

सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीट नव्याने मढवून देणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली सोफामास्तर म्हणायची. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. काम सुरू झालं की मास्तर तोंडात वीसेक बारीक खिळे धरत आणि जिभेने एकेक पुढे सरकवून हातोडीखाली देत. त्यामुळे दिवसातले पाच-सहा तास त्यांना बोलता येत नसे. "ही सोय कुणी आधी सांगितली असती, तर मी लग्नाला दुप्पट आनंदाने हो म्हटलं असतं," असं त्यांची बायको म्हणे.

ज्याचं तोंड बंद, त्याचे कान उघडे. आणि मास्तरांना लिहायचंही होतं. जुन्या सोफ्याच्या पोटात काय काय निघतं! केसाची पिन, दुधाचा दात, अर्धवट लिहिलेलं माफीपत्र. मुलगी दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसायची. तिनेच त्यांना ब्लॉग उघडून दिला आणि तिनेच फोनवर एक पॉडकास्ट लावून दिला. त्यात एक तरणाबांड मुलगा चांगला ब्लॉग कसा लिहावा ते शिकवायचा. वयाने निम्मा, पण मास्तर त्याला गुरुजीच म्हणत.

शिष्य तरी कसा, विचारू नका. आधी मास्तरांचा प्रत्येक लेख 'मानवी जीवनात बसण्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे' इथून सुरू व्हायचा. गुरुजी म्हणाले, पहिली तीन वाक्यं कापा. मास्तरांनी कापली, आणि त्या भरात नळाला पाणी येत नसल्याच्या तक्रारअर्जातलीही कापली. पाणी कुठल्या घरात येत नाही, तेच अर्जात उरलं नाही. गुरुजी म्हणाले, शेवटी उपदेश नको. तोही बंद झाला. मग गुरुजी म्हणाले, जगासाठी लिहू नका, एका माणसासाठी लिहा. हा धडा मास्तरांना सोपा गेला, कारण त्यांचं वाचणारं माणूस एकच होतं.

'निवृत्त शिक्षिका' एवढंच नाव लावून त्या प्रत्येक लेखाखाली दोन ओळी लिहायच्या. मास्तर त्यांना बाई म्हणायचे. दुधाच्या दाताचा लेख वाचून बाईंनी लिहिलं, "डोळे भरून आले." पुढचे तीन दिवस मास्तरांचे पाय जमिनीला लागले नाहीत. दोन वर्षं ते बाईंसाठी लिहीत राहिले. घरात तो ब्लॉग कुणी वाचत नाही याची त्यांना खात्री होती. म्हणून गेल्या वर्षी त्यांनी बाईंना उत्तर देताना मनातलं लिहून टाकलं, की डाव्या डोळ्याला सुईचं नेढं दिसेनासं झालंय, आणि घरी कळलं तर दुकान बंद करायला लावतील. बाईंनी लिहिलं, "काळजी घ्या."

पॉडकास्टच्या शेवटी श्रोत्यांचे प्रश्न असत. "लोक काहीही विचारतात," असं म्हणून मास्तर तेवढा भाग नेहमी बंद करत, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दुपारी ते एका मोठ्या सोफ्यावर रेक्झिन ताणून बसले होते. दोन्ही हात अडकलेले, तोंडात खिळे. प्रश्न सुरू झाले. एक मुलगी घसा खाकरून बोलू लागली. ते खाकरणं मास्तर बावीस वर्षं ऐकत होते.

"माझे बाबा ब्लॉग लिहितात. कुणीच वाचत नाही, म्हणून मी एका शिक्षिकेच्या नावाने कमेंट टाकते. खरं सांगू? मी पूर्ण वाचतही नाही. शेवट बघते आणि काहीतरी गोड लिहिते. पण आता ते त्या बाईंना सगळं सांगायला लागलेत, अगदी एका डोळ्याने दिसत नाही तेसुद्धा. मला हे थांबवायचंय. कसं करू?"

गुरुजी खो खो हसले. म्हणाले, "बाईंना मुलाकडे परगावी पाठवून द्या. गोड निरोप घ्या. बाबांना पत्ताही लागणार नाही."

मास्तरांनी रेक्झिन सोडलं आणि सगळे खिळे तळहातावर थुंकले. आता बोलता आलं असतं, पण समोर कुणी नव्हतं. पोटच्या पोरीने केसाने गळा कापला होता. दोन वर्षं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, ते एक वेळ सोसलं असतं. पण डोळ्याचं दुखणं तिने चव्हाट्यावर मांडलं, आणि ज्याला गुरू मानलं तो त्यावर हसला. कुणी म्हणेल, पोरीने मायेपोटी केलं. केलं असेल. त्यामुळे धड रागावताही येईना, म्हणून मास्तर आणखीच संतापले.

संध्याकाळी मुलगी घरी आली. तिने चपला काढेपर्यंतही त्यांना दम निघाला नाही.

"बाईंना परगावी कधी पाठवतेस?"

ती दारातच थबकली. "बाबा, तुम्ही ऐकलंत ते?"

"हात अडकले होते माझे."

"अहो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं मी. एकही कमेंट आली नसती तर तुम्ही लिहिणं सोडून दिलं असतं."

"दिलं असतं. बरं झालं असतं."

"सॉरी, बाबा."

"माझ्या डोळ्याचं कळून वर्ष झालं तुला. एकदा तरी विचारलंस, बाबा, दिसतंय का नीट?"

"लिहिलं होतं की मी, काळजी घ्या म्हणून..."

"ते बाईंनी लिहिलं. तू काय केलंस?"

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ या, मी रजा टाकते," एवढं कसंबसं म्हणून ती डोळे पुसत आत गेली.

मास्तर अर्धवट मढवलेल्या सोफ्याच्या कडेवर बसून राहिले. छातीत नुसती आग होत होती. कुणाला तरी सांगितल्याशिवाय ती शमणार नव्हती. बायकोला सांगावं, तर ती लेकीचीच बाजू घेणार. हात आपोआप फोनकडे गेला. त्यांनी ब्लॉग उघडला आणि लिहिलं, "बाई, आज माझ्या घरात फार वाईट झालं."

एवढं लिहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बाई आतल्या खोलीत रडत बसल्या आहेत.