लागोपाठ आठ छापे

संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतं तरी काय, असं कुणी विचारलं की मामा सांगायचे, "चार टेबलं, एक कपाट आणि नशीब मोजायची भांडी." भांडी म्हणजे फासे, नाणी आणि हजार मण्यांची एक काचेची बरणी. त्यातले दोनशे मणी लाल. मामा तिथले शिपाई. शिक्षण सातवीपर्यंत, पण सत्तावीस वर्षं त्याच खोलीत गेलेली. कोण खरोखर नाणं फेकतंय आणि कोण घरी बसून नुसतंच छापा-काटा लिहून आणतंय, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. असले महाभाग दरवर्षी निघायचेच.

मागच्या बाकावरची मुलगी मात्र त्यातली नव्हती. जर्नलवर सही मिळाली नाही म्हणून गेल्या वर्षी तिला परीक्षेला बसता आलं नव्हतं. यंदाची संधी शेवटची. ती हुकली की कॉलेज सुटलंच. मंगळवारी सगळे गेल्यावरही ती एकटी नाणं फेकत बसली होती. दोनशे वेळा फेकायचं आणि पडेल ते लिहायचं, एवढंच काम. मामा फळा पुसत होते. मध्येच लागोपाठ आठ छापे पडले.

पोरगी घाबरली. "मामा, हे कोण खरं मानेल हो?"

"पडलं ते लिही," मामा म्हणाले आणि घंटा द्यायला गेले.

परत आले तेव्हा ती निघून गेली होती. केर काढताना टोपलीत चुरगाळलेला कागद दिसला. आठ छाप्यांचाच. मामांनी तो सरळ करून खणात ठेवला, पण जीव काही थाऱ्यावर राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाच्या मॅडमनी तिचं जर्नल उघडलं आणि घटकाभरात मिटलं. "दोनशे फेकी आणि एकदाही तीनच्या वर सलग नाही? खरं नाणं इतकं शहाण्यासारखं वागत नसतं. सहाची माळ तर बहुतेक वेळा येतेच. घरी बसून लिहिलंयस तू. सही मिळणार नाही."

मुलगी मान खाली घालून उभी राहिली. खरं खोटं वाटेल म्हणून तिनं खोटं लिहिलं होतं, आणि नेमकं तेच तिच्या अंगाशी आलं होतं.

मामांनी खणातला कागद पुढे केला. "मॅडम, हा खरा. माझ्यासमोर फेकलंय तिनं."

"मामा, तुम्हाला सगळ्यांचाच कळवळा येतो."

"त्या कळवळ्याचंच सांगतो," मामा म्हणाले. हे त्यांनी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. "मी नवा होतो. पोरं बरणीतून एका वेळी पन्नास मणी काढायची. हिशेबानं त्यात दहा लाल यायला हवेत. कुणाचे सहा यायचे, कुणाचे चौदा, आणि पोरं रडकुंडीला यायची. मला दया यायची. ताट मोजायला नेताना मी गुपचूप मणी बदलायचो. महिनाभर सगळ्यांचे दहाच्या आसपास. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी, मोठ्या सरांनी, बरोबर पकडलं."

"मग?"

"हाकलतील वाटलं. त्यांनी बरणी समोर ठेवली आणि म्हणाले, बसा. शंभर वेळा काढा, निघेल ते लिहा. पाच निघाले, सोळाही निघाले. शेवटी सरासरी काढली तर दहाला लागूनच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी मदत करत नव्हतो, पोरांच्या पुढ्यातलं खरं उचलून नेत होतो."

मॅडमनी तो कागद जर्नलशेजारी ठेवून पाहिला. मग त्यांनी नाणं टेबलावर ठेवलं. "बस. माझ्यासमोर. दोनशे."

नाणं वाजत राहिलं. सव्वाशेच्या पुढे काटा सुरू झाला. तीन, चार, पाच, सहा. मुलीचा हात अडला. तिनं मामांकडे पाहिलं. मान हलवावी असं मामांना फार वाटलं. पण ती हलवली असती तर पुन्हा तोच मणी बदलणं झालं असतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

नाणं पडलं. काटाच. तिनं सातवा काटा लिहिला आणि न थांबता पुढचं फेकलं.

मॅडमनी सही केली. आधीच्या सुबक पानावर मात्र लाल शाईनं मोठी फुली मारली.

मुलगी कपाटापाशी मामांकडे आली. डोळे भरलेले. "मामा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"वेडी का काय! मलाही कुणीतरी असंच समोर बसवलं होतं."

मोठे सर वारून नऊ वर्षं झाली. त्यांनी नोकरी वाचवली, शहाणं केलं, पण त्यांचे आभार मानायला मामांना तोंड कधी उघडताच आलं नव्हतं, आणि ती टोचणी त्यांना कायम असे. त्या दिवशी बरणी पुसून कपाटात ठेवताना मात्र त्यांना वाटलं, आज ते आभार पोचले असतील.