मासे माहेरी जातात

अक्का गेल्याचा निरोप घेऊन चांदभाईंचा मुलगा वाशीमला आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी ओसरीवर लसूण सोलत होते. वडलांसारखाच तोही बांगड्यांची पेटी घेऊन बाजार करतो. त्या दिवशी हातात पेटी नव्हती, आणि बांगड्यावाला रिकाम्या हातानं आला की बाईमाणसानं काय ते समजून जावं. "अक्का गेल्या, चाची. झोपेतच," तो म्हणाला. मी विचारलं, "मासे आले का परत?" सुनेनं माझ्याकडे असं पाहिलं, की सासूबाईंचं डोकं फिरलं. त्याला मात्र नवल वाटलं नाही. मान हलवून म्हणाला, "अजून नाही. डोह रिकामाच हाय." म्हणजे ज्यांच्यासाठी ती जन्मभर घाटावर बसली, ती मंडळी गावाला गेलेली असताना ती निघून गेली... गाजावाजा तिला कधी आवडलाच नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, द्वारका. रिसोडच्या दक्षिणेला पैनगंगेच्या काठी आमचं गाव. तिचं लग्न झालं आणि अंगाची हळद उतरायच्या आत नवरा पटकीनं गेला. आमच्या घरात विधवेनं पाट लावायची रीत नव्हती. ती माहेरी परत आली ती कायमचीच. मी त्या घरात सून म्हणून गेले तेव्हा माझ्या अंगावर दागिने बरेच होते आणि अक्कल बेताची होती. चौथीपर्यंत शिकले होते. तेवढ्यावर मला वाटे, की जगातलं बहुतेक सगळं आपल्याला ठाऊक आहे, उरलंसुरलं असलंच तर पाचवीच्या पुस्तकात असेल. पहिल्या दिवशी अक्कानं मला घाटावर नेलं. पाण्यावर तळहात आपटला आणि हातभर लांबीचे, रुपयाएवढ्या खवल्यांचे मासे काळ्या पाण्यातून वर आले. मी किंचाळून घागर सोडली ती फुटली. अक्का शांतपणे म्हणाली, "ते ज्वारीच्या पिठाले आले वं. तुह्या नाकातल्या नथीले नाही."

साहेब लोक त्या माशाला महसीर म्हणत. आम्ही देवाचे मासे म्हणत असू. काठावर महादेवाचं देऊळ आहे, त्यामुळे डोहात जाळं टाकायची कुणाची छाती नव्हती. मूल व्हावं म्हणून नवस बोलणारी सवाष्ण तिथल्या एका माशाच्या ओठात पितळेची बारीक नथ घालायची, अशी रीत होती. श्रावण सरत आला, पोळा जवळ आला आणि नदीला लोंढा आला, की हे मासे डोहातून नाहीसे होत ते दसऱ्यानंतर परतत. गाव म्हणे, ते खाली गोदावरीला स्नानाला जातात. अक्काला ते पटत नसे. लोंढ्याच्या दिवसांत डोहाच्या वरच्या अंगाला खडकाची उतरंड आहे, तिथे तिनं मासे उड्या घेताना पाहिले होते. ती म्हणे, "स्नानाले खाली जायाचं त वर उड्या कायले मारतीन?"

माझ्या लग्नानंतर दोन-चार वर्षांत मासे कमी व्हायला लागले. जात भरपूर, येत थोडे. गावात कुजबुज सुरू झाली आणि ती फिरत फिरत आमच्याच ओसरीवर आली. अक्काच्या चुलत्यांनी, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनी, ज्यांना आम्ही मोठे मामाजी म्हणत असू, चारचौघांसमोर सांगितलं, की विधवा बाई रोज सकाळी पायरीवर बसते, पाण्यात तिची सावली पडते, देवाचे मासे परत कसे येतील. उद्यापासून द्वारकेनं घाटावर जाऊ नये. मी तेव्हा पापडाच्या लाट्या मोजण्यात फार गर्क असल्याचं सोंग केलं, आणि ते सोंग मला छान वठतं असाही माझा समज होता. अक्काला दुसरं होतं काय... सणाला मागे, लग्नाला मागे, हळदीकुंकवाला घरात. तिला हसून सामोरं येणारे जिवंत जीव तेवढेच होते, आणि तेही काढून घेतले.

ती रडली नाही. मला न्हाणीघराच्या मागे नेऊन म्हणाली, "सरू, तुले नवस करा लागते."

"कायचा?"

"पोराचा. सून दुसरा कायचा करते?"

"किती नथा घालू?"

"जेवढे हाती लागतीन तेवढ्याले."

चांदभाई मणेर दर आठवड्याला रिसोडचा बाजार करून आमच्या गावी येत आणि पुढे वरच्या गावांना जात. नवसाच्या नथा तेच करत. अक्कानं त्यांच्याकडून निळा मणी ओवलेल्या नथा करून घेतल्या, म्हणजे इतर बायकांच्या नथांत त्या मिसळायच्या नाहीत. पोळ्याआधी मी रोज नटूनथटून घाटावर जायची. सखाराम भोई झोळीत मासा धरायचा, मी डोळे मिटून त्याच्या ओठात तार घालायची, आणि अक्का घराच्या माडीवरून आमच्याकडे पाहत बसायची. पहिल्या दोन नथांना सासूबाईंनी साखर वाटली. पुढे त्यांचा चेहरा विचारात पडला. विहिरीवर बायका म्हणू लागल्या, की देशमुखाच्या सुनेले पोरगं नाही, पलटण पाहिजे. माझे यजमान आठवडाभर माझ्याशी नजर चुकवून बोलत होते. मी मात्र मनातून फुगले होते, आपल्या भक्तीची गावात चर्चा आहे म्हणून.

दसऱ्याच्या आत चांदभाई आले. मला बांगड्या भरताना त्यांनी अक्काच्या मोकळ्या हातावर हळूच काहीतरी ठेवलं. निळ्या मण्याची नथ. "माह्याच हातची हाय, अक्का. वरच्या डोंगरातल्या गावी एका पोरीच्या कानात होती. काचेच्या बांगड्या देल्ल्या अन् हे घेऊन आलो." पुढचं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. पैनगंगेला मिळणारा एक नाला आहे. पूर ओसरला की त्याचे डबरे उरतात, आणि त्या गावचे लोक डबऱ्यांत हिंगणबेटाची फळं ठेचून टाकतात. मासे झिंगून वर येतात ते टोपलीनं भरायचे. म्हणजे अक्काचंच खरं होतं, मासे खाली नाही, वरच जात होते. अक्कानं नथ मुठीत धरली आणि ती मूठ कितीतरी वेळ उघडलीच नाही.

पुढच्या साली पोळ्यानंतर तिनं माझ्या नावाखाली बैलगाडी जुंपायला लावली. सखाराम हाकायला, मी सोबतीला. नवस करूनही कूस उजवत नाही म्हणून मला वरच्या गावच्या एका देवऋषीकडे न्यायचं, असं घरी सांगितलं. हे निमित्त मला आधी कळलं असतं तर मी गेलेच नसते. नाला काचेसारखा नितळ होता, तळाला बारीक गोटे. आम्ही काठावरच्या करंजाखाली बसून राहिलो. उन्हं कलली तेव्हा ते आले. एक मोठी मादी, मागे दोन-तीन नर. मादी कुशीवर वळून पोट गोट्यांवर घासायची, पाणी गढूळ व्हायचं, आणि निवळलं की गोट्यांच्या फटींत पिवळी अंडी दिसायची, मोहरी भिजवून टाकल्यासारखी. एका मादीच्या ओठात निळा मणी होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कानं माझा हात दाबला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. मी कधीही न पाहिलेली अक्का ती. कुणाचं बाळंतपण पाहायला तिला आजवर कुणी उभं केलं नव्हतं.

मग ती उठली आणि गावात शिरली. पुरुषांकडे गेलीच नाही, विहिरीवरच्या बायकांकडे गेली. त्यांनी आधी उडवून लावलं. एक ठसकेबाज बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नदीतला मासा तो. त्याच्यावर काय तुमच्या गावाचं नाव लिवलं हाय?"

"नाव नसन, नथ त हाय," अक्का म्हणाली. "आमच्या गावच्या लेकी हायेत त्या. बाळंतपणाले तुमच्याकडं येतात. लेक बाळंतपणाले माहेरी आली त तिले पाटावर बसवता का पातेल्यात घालता?"

बायका आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. बोलाचाली बरीच झाली, कारण त्यांच्या घरीही खाणारी तोंडं होती आणि अक्कालाही ते दिसत होतं. शेवटी ठरलं, की दसऱ्यापर्यंत हिंगणबेट टाकायचं नाही आणि डबऱ्यांमधून चर मोकळे ठेवायचे. दसऱ्यानंतर उरेल ते त्यांचं. त्याबदल्यात अक्का दर पोळ्याला चांदभाईंच्या हाती त्या बायकांसाठी बांगड्या धाडायची. जिच्या हातात बांगडी चढत नव्हती, तिनं मरेपर्यंत एक पोळा चुकवला नाही.

त्या साली दसऱ्यानंतर डोह भरला. निळ्या मण्यांच्याही काही जणी परतल्या. आणि गावानं काय म्हणावं? मोठ्या मामाजींनी देवळासमोर समाधानानं सांगितलं, की पाहा, द्वारका घाटावर यायची थांबली आणि मासे आले. साऱ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, आता अक्का नाल्याची हकीकत सांगेल, नथ दाखवेल. तिनं काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, घाट बायकांनी भरलेला असताना, ती पिठाचा गोळा घेऊन पायऱ्या उतरली आणि पाण्याला लागलेल्या पायरीवर बसली. मामाजी धावत आले. ती वळून म्हणाली, "काका, मी आता रोज बसणार. पुढल्या दसऱ्याले एक जरी मासा कमी आला, त मी हे गाव सोडून जाईन. तोवर मले कोनी उठवू नका."

ते वर्ष आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. लोंढा उशिरा आला, उतरंडीवर मासे उडाले, डोह रिकामा झाला, आणि ती रिकाम्या पाण्याकडे तोंड करून रोज बसत राहिली. वरच्या बायका शब्द पाळतील की नाही, ते तिलाही ठाऊक नव्हतं. दसरा गेला. दोन दिवस काही नाही... मग एका सकाळी तिनं तळहात आपटला आणि पाणी आतून काळं झालं, इतके वर आले. मामाजींनी चूक झाली असं कधीच म्हटलं नाही. पण पुढे एकदा अक्का तापानं पडली, तर त्यांनी ओसरीवरून मोठ्यानं सांगितलं, "द्वारकेले म्हणा, मासे वाट पाहून राह्यले."

हे लिहिते आहे ती तिच्या जाण्यानंतरच्या दिवाळीत. मला नवस न फेडता पाच मुलं झाली, यजमान मागच्या साली गेले, माझ्या हातातल्या बांगड्याही उतरल्या. परवा गावी गेले होते. सकाळी घाटावर उतरले, तिच्या पायरीवर बसले. मासे आलेले होते. मी पीठ मळून नेलं होतं, पण तिच्यासारखा हात आपटायला मला काही जमेना, नुसतं लुगडं भिजलं. शेजारी एक नवी नवरी पाणी भरत होती, मनगटभर हिरवा चुडा. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं, मोकळ्या हातांकडे पाहिलं. माझ्या काळी अशी नवरी वाट बदलून गेली असती. ती वाकून म्हणाली, "आजी, घागर डोक्यावर देता का जरा?"

मी उठले. घागर जड होती. दोन्ही हातांनी उचलून तिच्या डोक्यावर दिली.